क्लॉकच्या तारेचा वळसा

महाप्याच्या कारखान्यात शिवरामच्या हातची तार लांबूनही ओळखू येई. सरळ, ताणलेली, टोकाला सोल्डरचा मोहरीएवढा ठिपका. नेटवर्कच्या कार्डांवर तारा टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शर्मिला येईपर्यंत.

शर्मिला कोपरखैरण्याची, नोकरीत नवी. तिनं जोडलेलं नमुन्याचं कार्ड पहिल्याच चाचणीत पास झालं. आता ग्राहकासमोर ते चाललं की नव्या कार्डांचं टेबल, त्यावरच्या माणसांसकट, तिच्या हाताखाली जाणार होतं. साहेब तिच्या खुर्चीमागं उभं राहून काम बघत. शिवरामच्या खुर्चीमागं ते कधी थांबले नव्हते. त्याला डबा गोड लागेना.

ग्राहक यायच्या दिवशी सकाळी त्यानं तिचं कार्ड भिंगाखाली धरलं. प्रोसेसरकडे जाणाऱ्या डेटाच्या आठ तारा नीट होत्या. शेजारची क्लॉकची, म्हणजे चिपला ठोके देणारी, तार मात्र भलामोठा वळसा घालून गेलेली.

"ही काय शेवई टाकलीस?"

"ऱ्हाऊ द्या काका. ती तशीच पायजे."

"आळसाला आता असं म्हणतात होय?"

ती हसून चहाला गेली. शिवरामनं वळसा कापला, तार सरळ ओढली, ठिपका दिला. कार्ड कसं देखणं झालं. कोणी केलं, ते साहेबांना नंतर सांगायचंच होतं.

ग्राहकासमोर कार्ड सुरू झालं आणि पडद्यावर कचरा आला. प्रत्येक पॅकेटाच्या, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्याच्या, तोंडाशी आदल्या पॅकेटाचं शेपूट.

शर्मिलानं भिंगातून पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "क्लॉकचा ठोका पडला की चिप समोर असेल तो डेटा उचलते. डेटाच्या तारा लांबून येतात. क्लॉक जवळून आली तर ठोका आधी पडतो, चिप मागचाच माल उचलते. म्हणून तिला लांब केलेली. कोणीतरी सरळ केलीय."

"कोणी?"

तिनं भिंगातून ठिपका पुन्हा पाहिला. कार्ड शिवरामपुढं सरकवून हळूच म्हणाली, "ठिपका तुमचा हाय काका. आता वळसाबी तुमीच घाला."

त्यानं घातला. तिचा होता तेवढाच लांब. पॅकेटं ओळीनं येऊ लागली.

साहेब पहिल्यांदाच त्याच्या खुर्चीमागं उभे होते. भिंगातून त्यांनी तो वळसा बराच वेळ पाहिला.

"डोकं लावलंस, शर्मिला. उद्यापासून टेबल तुझं."

शिवराम सोल्डरिंगचं टोक पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.