नडगीवरचा अंगठा

हे मी घरातही कधी बोललो नाही. माझी मुलगी सातवीत शाळेकडून धावायची. तिचे खेळाचे सर शर्यतीआधी उकिडवे बसून हाड दुखतंय का बघायला प्रत्येक मुलाच्या नडगीवर अंगठा दाबत आणि पालकांना विचारत, "रातीला पाय दुखतो म्हनती का? खरं सांगा. शर्यती दरसाल हायेत."

ती आठवडाभर रात्री पाय धरून रडत होती. पण मला ती जिल्ह्याच्या स्पर्धेला जायला हवी होती. अंगठा दाबला तशी ती माझ्याकडे बघत गप्प राहिली. मी म्हणालो, "न्हाई सर, ठणठणीत हाय."

शर्यतीत दुसऱ्याच वळणावर तिच्या नडगीचं हाड मोडलं.

मुख्याध्यापकांसमोर सर म्हणाले, "चूक माझी. माझ्या अंगठ्याला कळाया पायजे हुतं." मी शेजारीच उभा होतो.

सरांना मैदानावरून काढलं; आता ते वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालतात. खोटं मी बोललो, हे मुख्याध्यापकांना सांगायचं सरांचं देणं माझ्यावर अजून आहे.