अण्णानं ट्रक रंगवला

वडिलांचा लांब नाकाचा ट्रक जुन्या हुबळीत आमच्या गोदामात उभा असतो. मिरचीची पोती वाहून म्हातारा झालेला. मूळचा हिरवा रंग उन्हानं विटलेला, आणि ड्रायव्हरच्या दारावर वडिलांनी स्वतः ब्रश धरून काढलेलं दुकानाचं नाव. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. खालच्या ओळीला जागा कमी पडली, म्हणून शेवटची अक्षरं दाटीवाटीनं उभी. वडिलांच्या हातचं एवढंच उरलं होतं.

धारवाडला दिवाळीनंतर जुन्या गाड्यांचा मेळावा ठरला. त्यात मूळ रंगातल्या, जशाच्या तशा गाड्यांचा वेगळा गट होता. मी लगेच नाव दिलं. ब्रेक करून घेतले, वायरिंग बदललं, टायर आणले. थोरल्या भावाकडे, म्हणजे अण्णाकडे, काम एकच ठेवलं. मी पुण्याहून लेकीकडून परत येईपर्यंत गोदामाला कुलूप असू दे.

परतले ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. ट्रक लालभडक. बंपर पिवळा, बॉनेटवर मोर. दारावर चकाकत्या रेडियमची, छापल्यासारखी अक्षरं.

अण्णा खूश होता. "उद्या पूजा. वडिलांच्या गाडीला असल्या अवतारात हार घालायचा?"

"आणि दारावरचं नाव?"

"ते वाकडं होतं गं. सरळ करून घेतलं."

वर्षभर त्याच गाडीवर कबुतरं बसतात, तेव्हा कुणाला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पूजेच्या एका दिवशी. आपल्याकडे माया आली की हातात आधी पॉलिश पेपर येतो. नवनगरात एकांनी आजोबांच्या मोटारीला निळे दिवे आणि वाघाच्या पट्ट्यांची सीट कव्हरं चढवली, आणि वर आजोबांची आठवण म्हणून दाखवतात. आजोबा त्या गाडीत बसले तरी असते का? पत्रा ठोकून सरळ होतो, इंजिन उघडून बांधता येतं. जुना रंग एकदाच असतो. खरवडला की संपला.

पेंटरला बोलावून विचारलं. म्हटलं, निदान दार तरी अर्धवट खरवडलं असेल. पण तो पडला मन लावून काम करणारा. नवा रंग नीट बसावा म्हणून पार पत्र्यापर्यंत घासलं होतं. "बिड अक्का, जाऊ दे," तो समजूत घालत म्हणाला, "आता कशी शोरूममधली दिसते."

मेळाव्यावाल्यांना फोन केला. त्यांनी नव्यानं सजवलेल्या गाड्यांच्या गटात जागा देऊ केली. मी नाव मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली. वहिनीनं कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. मोराला कुंकू लावायची माझी इच्छा नव्हती. मी दार उघडलं. आत, बिजागरीच्या मागे, ब्रश पोचला नव्हता तिथं बोटभर हिरवा रंग शिल्लक होता. कुंकू तिथं लावलं.

अण्णा खांद्यावरून डोकावला. "अरे, हे राहिलंच की. उद्या पेंटरला सांगतो."

मी दार लावलं. ट्रकची किल्ली आणि गोदामाची किल्ली, दोन्ही त्याच्या खिशातून काढून घेतल्या. अजून माझ्याकडेच आहेत. तो मागतो, मी देत नाही.