काकूच्या मांडीवर

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

मी धुळ्यात लहान मुलांच्या एका डॉक्टरबाईंकडे काम करते. हट्टी, घाबरट, अबोल मुलं आमच्याकडे येतात. छातीला पट्ट्या लावून, खेळता खेळता त्यांच्या हृदयाचे ठोके मी पडद्यावर बघते. अनोळखी माणूस खोलीत आला की काहींचे ठोके एकदम चढतात, तळहात गार पडतात. तो आजार नसतो. पिंडच तसा असतो — जन्मापासून.

माझाही तसाच होता. शिंदखेड्याच्या घरी पाहुणे आले की काकू मला कापसानं भरलेल्या खोलीत कोंडायची. रडून दमले की बाहेर काढायची आणि पाहुण्यांचे हात माझ्या छातीवर ठेवायची. "भित्री शे ही पोर! हात लाईसन देखा, कशी धडधड करस!" सगळे हसायचे. आईसुद्धा. विसरायला हवं होतं मी — नाही का?

गेल्या वर्षी तीच काकू आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन आली. सून बाहेर बसली. पट्ट्या लावताना पोरगा थरथरत होता, ठोके चढलेले. काकूनं त्याला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला — आणि पडद्यावरची रेघ निवत गेली. त्या बाईच्या मांडीवर! मला ते सोसवलं नाही.

बाहेर येऊन मी सुनेला बाजूला घेतलं. "वहिनी, आजीजवळ गेला की ह्याचे ठोके वाढतात. धास्ती घेतलीय त्यानं. जरा लांब ठेवून बघा." डॉक्टरबाईंना काही कळू दिलं नाही.

थोड्याच दिवसांत मुलगा-सून जळगावला राहायला गेले. काकू एकटी उरली. तिचा फोन येतो — "मना नातूले मनाजोडे येऊ देत नहीत व माय. तू सांगी देख ना." मी हो म्हणते, फोन ठेवते. आणि बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटतं.

पण तो पोरगा? त्यानं माझं काय बिघडवलं होतं?

दिवाळीनंतर वहिनी त्याला पुन्हा घेऊन आली. आता तो कुणाशीच बोलत नाही. बालवाडीत दिवसभर दाराशी उभा राहतो. वहिनीचे डोळे भरून आले होते. "ताई, थोडे दिवस आजीकडे ठेवू का ह्याला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला सगळं कळत होतं.

"इतक्यात नको," मी म्हणाले.