सोनेरी सरकी

चमकदार रंगांची पावडर विकणं हा माझा धंदा. आमच्या एकाच पिंपातली पावडर नेलपॉलिशला जाते आणि कपाशीच्या बियाण्यालाही. आता लपवून काय करू?

बोरी अरबच्या कृषी केंद्रात मी गिऱ्हाइकांचा कल बघायला थांबलो होतो. तिथं एका बाईनं नमुन्याची सरकी ओल्या अंगठ्यानं चोळली. अंगठा सोनेरी झाला.

"काहो, हे पेरू का नखाले लावू?" तिनं दुकानदाराला विचारलं. तो हसला, तशी ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी शिकलेले दिसता. चमकीनं जास्त उगवते काय?"

‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "कंपनी उगीच लावेल का, ताई?"

तिनं हातातलं साध्या बियाण्याचं पाकीट ठेवून सोनेरी बियाण्याचं घेतलं आणि मला नमस्कार केला. मीही केला. मग बाहेर येऊन आमच्या साहेबांना फोन लावला, "सर, इकडे सोनेरी जोरात चालणार."