हिरवा हीरो

कुठलंही चित्र हातात दिलं की पेंटरअण्णा ते आधी उलटं धरायचे. मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "असंच बरं दिसतंय की!" मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे उलटी होणारी चित्रं बहुतेक माझीच असत.

अण्णा मूळचे तेलंगणातले. ऐन तारुण्यात चुलत्याबरोबर सोलापूरला मागावर काम करायला आले. चादरीकडे लक्ष कमी. एक दिवस त्यांनी कारखान्याच्या भिंतीवर निळीनं मालकाचं चित्र काढलं. हुबेहूब आलं, पोटासकट. नोकरी गेली. पण ते चित्र बघून पोट धरून हसलेल्या एका थिएटरवाल्यानं त्यांना बोर्ड रंगवायला ठेवून घेतलं. सत्तरच्या दशकात आमच्या भागातले सगळे नट-नट्या अण्णांच्या हातचे.

"टांगेवाल्यानं टांगा न थांबवता हीरो वळखला पायजे. मग चित्र झालं," ही त्यांची कसोटी. नवचित्रकलेला ते एकाच तेलुगू प्रश्नात गुंडाळत : "इदेम बोम्मा?" म्हणजे, हे कसलं चित्र?

एकदा मुंबईच्या एका तरुण चित्रकाराचं प्रदर्शन आलं. मी अण्णांना ओढतच नेलं. निळ्या-काळ्या फटकाऱ्यांसमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"हे कोण?" त्यांनी थेट चित्रकारालाच विचारलं.

"हे एकाकीपण आहे."

"बरं. नाक कुटं हाय त्याचं?"

हसू लपवायला मी खिडकीकडे पळालो. परत आलो तर दोघं फरशीवर मांडी घालून, निळ्यात काय मिसळलं की तो खुलतो यावर भांडत होते. बाहेर पडताना अण्णा म्हणाले, "पोरगा लई गुणी हाय. चित्रं तेवढी काढत न्हाय."

पुढे एका शुक्रवारी नव्या सिनेमाचा बोर्ड लागला आणि थिएटरसमोर ही गर्दी! हीरोचा चेहरा कैरीसारखा हिरवा. मिशी एका बाजूनं थेट कानापर्यंत.

"अण्णा, हे काय?" थिएटरचे मालक ओरडले.

शिडीवरूनच उत्तर आलं, "मॉडर्न आर्ट हाय!"

"पण हिरवा का?"

"हीरोईन सोडून गेली की त्याला! पिवळा पडून पडून हिरवा झाला."

सगळे खो खो हसले. तुम्हीही हसला असता. अण्णा खाली उतरले, माझं कोपर घट्ट धरलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, खरंच हिरवा झालाय?"

माझं हसू तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती.

थोड्याच महिन्यांत मुलगी त्यांना हैदराबादला न्यायला आली. मी स्टेशनवर गेलो. खिडकीशी बसून अण्णा फलाटाकडे बोट करत म्हणाले, "मास्तर, ती लाल लुगड्यातली बाई मगापासून एकटीच उभी हाय. कुणाची वाट बघती?"

मी पाहिलं. तिथे टपालपेटी होती.

"नवरा येणार असेल तिचा," मी म्हणालो. "पुढच्या गाडीनं."

गाडी हलली. अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मास्तर, पोस्टाच्या पेटीला कुटला आला नवरा?" ते ओरडले. "तेवढं दिसतंय की मला अजून!"

त्यांच्या हसण्याचा आवाज डबा पुढे गेल्यावरही येत राहिला.