गावात नसलेली सून

पनवेलच्या बाजारात कृष्णाबाईंकडे भाजी घ्यायला थांबलं की घरी जायला उशीर ठरलेला. गवार तोलता तोलता त्या गावाच्या सगळ्या बातम्या देतात. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या सुनेला भाकरी येत नाही. एका माणसाशी मात्र त्या बोलत नाहीत, तो म्हणजे पोलीस.

त्याला कारण आहे. जमिनीच्या आंदोलनात त्यांचे यजमान बुधाजी यांना शोधत पोलीस नेऱ्याकडच्या त्यांच्या गावात आले. बुधाजी घरामागे पेंढ्यात दडलेले. कृष्णाबाई दारातूनच म्हणाल्या, “असा कोन नाय हितं.” शेजारच्या घराने तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. बुधाजी सुटले आणि गावाला सवय लागली. पोलिसाने कोणाचंही नाव घेतलं तरी उत्तर एकच. पुढे बुधाजी म्हातारे होऊन गेले, सवय राहिली.

मुलगा मिथुन प्रवासी जहाजावर आचारी. तिथेच काम करणारी फिलिपिन्सची मारिसेल त्याने बायको करून आणली. कृष्णाबाईंची ती मारी. सुकटीचं कालवण ती सासूपेक्षा बरं करते, हे कृष्णाबाईंना मान्य आहे, पण तिच्या माघारी.

गेल्या वर्षी शेजारच्या दादूकडे मुलाची हळद होती. डीजे असा, की मांडणीवरची भांडी थरथरत होती. मारीची पूर्वी नावाची तान्ही लेक तापाने फणफणलेली. विनवूनही दादू ऐकेना, तेव्हा मारीने मांडवात जाऊन सरळ वायर उपटली. पाहुण्यांसमोर नाक कापलं गेलं म्हणून दादूने तक्रार ठोकली: परदेशी बाई, वर्तन वाईट, गावात दहशत.

नेमका तेव्हाच मारीचा व्हिसा वाढवायचा होता. परदेशी माणसाचं वर्तन पटलं नाही तर सरकार व्हिसा रद्द करून त्याला परत धाडू शकतं, आणि त्यापुढे वाद घालायला फारशी जागा नसते. चौकशीला हवालदार आला. किराणा दुकानात, देवळात, त्याने सगळीकडे विचारलं, “मारिसेल कशी बाई आहे?”

“अशी कोन नाय हितं.”

कृष्णाबाईंनीही दारात तेच सांगितलं. मारी तेव्हा ओटीवर सुकट निवडत होती.

“मग ही कोण?”

“पावनी हाय.”

“बसा ना सायब,” मारी म्हणाली, “पानी देऊ?”

व्हायचं ते झालं. बाई पत्त्यावर राहत असल्याचं कोणी सांगत नाही, घरचे लपवाछपवी करतात, व्हिसा रद्द का करू नये, अशी नोटीस आली. मिथुन तेव्हा सुट्टीवर घरी होता. त्याचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी भरतो, म्हणून तो माझ्याकडे धावत आला. मी बाजारात जाऊन कृष्णाबाईंना म्हटलं, “आता खरं सांगावं लागेल.”

“पोलिसाला?” त्यांनी तराजूच खाली ठेवला. “मिथुनचा बाप वरून काय म्हनंल?”

“आणि मारी गेली तर पूर्वी काय म्हणेल?”

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिसाच्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, “आजी, गावात तिला कोणी ओळखतच नाही म्हणे.”

“सायब, आमी आमच्याच मानसाला लपवतो. परकी असती त तिचं घर दाखवाला सगला गाव आला असता.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “फेरचौकशी करू,” म्हणाले.

या खेपेला हवालदाराला गावातून निघणं मुश्कील झालं. जो तो मारीचं कौतुक सांगायला पुढे. चहावर चहा झाला. शेवटी तो म्हणाला, “आता तक्रारदाराचा जबाब तेवढा राहिला. दादू कुठे राहतो?”

दादू मारीच्याच ओटीवर हवालदाराच्या शेजारी बसला होता, हातात मारीने दिलेला कप.

“दादू?” कृष्णाबाई म्हणाल्या. “असा कोन नाय हितं.”

हवालदाराने शेजाऱ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला माहीत आहे का हो?”

दादूने घोट गिळला, मारीकडे पाहिलं. “नाय बा. नावपन आयकला नाय.”

तक्रारदार आढळला नाही, असा अहवाल गेला. मारीचा व्हिसा वाढला.