एका जिवाचा स्वयंपाक

विसरवाडीच्या फाट्यावर सगळे थांबतात ते पुढं जाण्यासाठी. ट्रकवाले चहा पितात, बसमधली माणसं पाय मोकळे करतात, आणि धूळ उडवत एकजात निघून जातात. मोहनबाई मात्र राजस्थानातून लग्न होऊन आल्या त्या इथंच राहिल्या. एके काळी त्यांच्यासारखी मारवाडी जैनांची बरीच घरं फाट्यावर होती. मग एकेकाची मुलं सुरतेला गेली, कोणी नंदुरबारला, आणि म्हातारी माणसं मुलांच्या मागं. मोहनबाईंचे यजमान उमेदमल गेले तसं दुकानाचं शटरही खाली आलं. आता त्या लांबलचक घरात मोहनबाई होत्या, भिंतीवरचं घड्याळ होतं आणि शेजारच्या कय्युमच्या टायर दुकानातला हवेचा आवाज होता.

मुलगा जिनेश सुरतेहून रोज फोन करायचा. आईनं आपल्याकडं यावं, हे त्याचं एकच पालुपद. मुलगा वाईट नव्हता, फक्त उंटावरून शेळ्या हाकायची त्याला सवय होती.

"बा, तू तिथं करतेस तरी काय?" तो विचारायचा.

सुरतेच्या सातव्या मजल्यावर मोहनबाईंचा जीव गुदमरायचा हे खरं, पण ते काही इथं राहण्याचं कारण होत नाही. एकदा सून हीनानं त्यांना मोबाईलवर एका साहेबांचं भाषण पाठवलं. साहेब कोट घालून सांगत होते, की रोज सकाळी उठून स्वतःला विचारा, माझ्या आयुष्याचं ध्येय काय? मोहनबाईंनी ते भाषण शेवटपर्यंत ऐकलं आणि खरोखर विचार केला. सासूची सेवा करायची होती, झाली. जिनेशला शिकवायचं होतं, शिकला. यजमानांचं आजारपण काढायचं होतं, तेही निभावलं. सगळी ध्येयं होती, पण ती या ना त्या माणसाची होती, आणि ती माणसं आता घरात नव्हती. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नका. ज्या बाईनं बारा माणसांच्या पंगती हसत वाढल्या, तिचा गॅस आता चहापुरता पेटायचा. हीनानं पाठवलेल्या खाकऱ्यांचा डबा होता. सकाळी चहाबरोबर खाकरा, दुपारी लोणच्याबरोबर खाकरा, सूर्य मावळायच्या आत कपभर दूध. एकट्या जिवाला काय रांधायचं, असं त्या म्हणायच्या. कय्युमची बायको शबाना कधी रागवायची, पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी कय्युम हात पुसत दारात आला.

"काकी, तुमन्या धवळा कपडावाल्या बाया नवापूरकडथून पायेपाये ई ऱ्हायन्यात. ट्रकवाला सांगे. सकाय आठे येतीन."

म्हणजे उद्या इथं साध्वी येत होत्या! पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहिल्या की साध्वी पुन्हा पायी निघतात, गावोगाव. गाडीत बसत नाहीत, पायात काही घालत नाहीत, आणि वाटेतल्या जैन घरांतून थोडं थोडं अन्न मागून घेतात. विसरवाडीच्या पुढं कोंडाईबारीचा घाट. घाट चढण्याआधी घास मिळेल असं घर आता एकच उरलं होतं. मोहनबाईंना वाटलं, हे बघ, हेच. यासाठीच तर देवानं मला इथं ठेवलं! आता जिनेशला सांगायला कारण मिळालं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच बाईंनी पदर खोचला. कितीतरी दिवसांनी मोठं पातेलं खाली उतरलं. मुगाची डाळ झाली, गट्ट्याची भाजी झाली, लापशी झाली, तूप लावलेल्या पोळ्यांची चळत झाली. पाणी उकळून निवत ठेवलं. हात असे चालत होते, की सासू असती तर तिनंही मान डोलावली असती.

तीन साध्वी आल्या. सगळ्यांत मोठ्या साध्वी, महासतीजी, वयानं मोहनबाईंच्याच बरोबरीच्या होत्या, तळपायांना भेगा पडलेल्या. मोहनबाईंनी हात जोडले. "दया पाळा," असा आशीर्वाद देऊन महासतीजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या आणि थांबल्या. त्यांनी पोळ्यांची चळत पाहिली, मग फळीवरचं एकुलतं एक ताट पाहिलं.

"घरात किती माणसं, बाई?"

"मी एकटीच."

"मग एवढं कोणासाठी?"

तेव्हा कुठं मोहनबाईंच्या पायांखालची जमीन सरकली. साध्वींसाठी म्हणून रांधलेलं अन्न साध्वींना चालत नाही. घरच्यांनी घरच्यांसाठी केलं असेल, त्यातलंच थोडं घ्यायचं. हा नियम मोहनबाईंना लहानपणापासून पाठ होता. पण भरल्या घरात तो कधी आडवा आलाच नव्हता. तिथं रोजच पंगत शिजायची, त्यातल्या दोन पोळ्या कोणालाही देता यायच्या. आनंदाच्या भरात त्या नेमकं तेच विसरल्या.

दारातून कय्युम घाईघाईनं म्हणाला, "पाहुना येणार शेत ना काकीकडे, सुरतथून!"

"खोटं नको बोलू, कय्युम," मोहनबाई म्हणाल्या. मग मान खाली घालून त्यांनी सांगून टाकलं, "तुमच्यासाठीच केलं, महासतीजी."

"मग आम्हाला नाही घेता येणार. पाणीसुद्धा नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही स्वतः रोज काय जेवता?"

मोहनबाईंनी लाजत खाकऱ्यांचा डबा उघडला. तळाशी चारदोन खाकरे होते. महासतीजींनी त्यातला एक उचलून आपल्या लाकडी पात्रात ठेवला. तिघींत एक. मग त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही जेवत नाही म्हणून आज आम्ही उपाशी. एक नियम घ्याल?"

नियम घ्यायला मोहनबाई कधीच मागं नव्हत्या. तूप सोडलं होतं, गूळ सोडला होता, उपवास तर किती केले त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी हात जोडले.

"रोज स्वतःसाठी ताजं रांधायचं आणि पोटभर जेवायचं. आमची वाट बघून नाही. आम्ही येऊ, न येऊ."

लोक आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ते आळशांना चिडवायला. मोहनबाईंच्या पदरात तो आयुष्यातला सगळ्यांत कठीण नियम म्हणून पडला.

साध्वी घाटाच्या वाटेला लागल्या. ते पांढरे ठिपके दिसेनासे होईपर्यंत मोहनबाई रस्त्याकडेला उभ्या होत्या. सगळा स्वयंपाक शबानाकडं गेला. कय्युमनं दोनदा लापशी मागून घेतली, तेवढंच काय ते पुण्य.

दुसऱ्या दिवशी मोहनबाईंनी वाटीभर डाळ लावली, दोन पोळ्या लाटल्या, ताट वाढून घेतलं आणि समोर बसल्या. आयुष्यभर त्या सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं घेऊन उभ्या उभ्या जेवल्या होत्या. गरम पोळी पहिल्यांदा आपल्या ताटात पडली आणि वाढणारीही आपणच, याचं त्यांना फार रडू आलं. डोळे पुसून त्यांनी ताट संपवलं. नियम म्हणजे नियम.

महिने गेले. घाटात पळस फुलला. साध्वी काही पुन्हा आल्या नाहीत, त्यांची वाट कुठल्या कुठं गेली असेल. रोज दुपारी मोहनबाई जेवत आणि रोज ते घर तितकंच रिकामं असे. फरक एवढाच, की सकाळी उठल्यावर आज काय करायचं हे त्यांना ठाऊक असायचं.

होळीच्या आधी जिनेश न कळवता गाडी घेऊन आला. आईला घेऊनच जायचं असं ठरवून आला होता. घरात शिरला तर फोडणीचा वास, आणि पाटासमोर वाढलेलं ताट. डाळ, भात, पोळी, वालाची उसळ, कैरीची फोड.

"कोण यायचंय, बा?"

"कोणी नाही."

"मग हे कोणासाठी?"

तोच प्रश्न, त्याच उंबऱ्यात.

"माझ्यासाठी," मोहनबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरात हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता, आणि तो ऐकायला उमेदमल नव्हते, सासू नव्हती, एकटा जिनेश होता.

जिनेशनं हात धुतले आणि आईच्या समोर मांडी घातली. मोहनबाईंनी कपाटातून दुसरं ताट घेतलं आणि आपल्या ताटातलंच अर्धं काढून त्याला वाढलं. जाताना त्यानं सुरतेचं नाव काढलं नाही. गाडी फाट्यावरून वळली तेव्हा त्या दारातच होत्या. मग आत येऊन त्यांनी दोन्ही ताटं घासली, एक कपाटात ठेवलं, एक फळीवर, आणि उद्याची डाळ निवडायला घेतली.